यादी लिहिणारा माणूस : नाना फडणवीस आणि त्यांची कामाची पद्धत

कामांची यादी कुठल्या ॲपमध्ये ठेवू, हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी विचारतं. टूडूइस्ट घेऊ की नोशन? ट्रेलो बरं की आपलं साधं गूगल टास्क्स? ॲपवर येऊच, पण आज जरा लांबच्या वाटेनं जाऊ. आज एका माणसाचं चरित्र सांगतो. त्याच्याकडे मोबाईल सोडा, छापील डायरीसुद्धा नव्हती. तरी पुण्यापासून दिल्लीपर्यंत हातपाय पसरलेल्या राज्याचं रोजचं काम तो पंचवीसेक वर्षं कागदावर चालवत होता.

नाना फडणवीस. आधी हा शब्दच बघा. फारसीत फर्द म्हणजे कागदाचा ताव किंवा यादी, आणि नवीस म्हणजे लिहिणारा. फर्दनवीसचं आपल्या तोंडी फडणवीस झालं, पुढे फडणीस. म्हणजे हे मूळ आडनाव नव्हे, हुद्दा आहे. यादी लिहिणारा माणूस! नानांचं घराणं भानू, पूर्ण नाव बाळाजी जनार्दन भानू. पण हुद्दा इतका चिकटला की भानू हे नाव आज फारसं कुणाच्या लक्षातही नाही.

मी मूळचा वाईकडचा, सध्या सांगलीत राहून घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. हे एवढ्यासाठी सांगितलं की नानांची गोष्ट शाळेत पुण्याची म्हणून शिकवतात, पण तिची सुरुवात साताऱ्यात आहे आणि तिचे बरेचसे कागद सातारा-सांगली पट्ट्यात सापडले.

साताऱ्यातला जन्म, चौदाव्या वर्षी नोकरी

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यात झाला. तेव्हा सातारा राजधानी होती, गादीवर शाहू छत्रपती होते. घराणं मूळचं कोकणातल्या वेळासचं. हल्ली लोक कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला जातात, तेच वेळास. आजोबा बाळाजी महादेव भानू पहिल्या पेशव्यांबरोबर, म्हणजे बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेले होते. १७१९ मध्ये तिथल्या दंगलीत ते मारले गेले. फडणिशी या घराकडे.

शाहू महाराज १७४९ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी सांगोल्याचा करार झाला आणि राज्यकारभाराची सूत्रं साताऱ्याहून पुण्याला गेली. पेशवाईची वस्त्रं मात्र छत्रपतींकडून साताऱ्याहूनच यायची, ती पद्धत शेवटपर्यंत राहिली. १७५६ मध्ये नानांचे वडील जनार्दनपंत गेले आणि फडणिशीचं काम चौदा वर्षांच्या मुलाकडे आलं. आज या वयात आपण मुलाच्या हातात मोबाईल द्यावा की नाही यावर घरात वाद घालतो.

पुढची घटना पानिपतची. आईला उत्तरेतली तीर्थं करायची होती, म्हणून नाना आई आणि बायकोला घेऊन सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर निघाले. १४ जानेवारी १७६१ ला जे झालं ते आपल्याला माहीत आहे. नाना तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. अंगावरचे कपडे टाकून, पायी, उपाशी, लपतछपत ते वाचले. पळापळीत आई गेली. बायको सुखरूप असल्याचं नंतर कळलं. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांचं ते छोटं आत्मवृत्त पुढे साताऱ्याचे रेसिडेंट राहिलेल्या जॉन ब्रिग्ज यांच्या हाती लागलं आणि त्यांनी त्याचा इंग्रजी तरजुमा छापला. आपल्या चुका, आपली भीती, आपली वासना यांबद्दल अठराव्या शतकातला एक कारभारी इतकं उघड लिहितो, हे वाचून मी थक्क झालो होतो. त्यात मोठेपणाचा आव कुठेच नाही.

पानिपताहून आलेल्या या तरुणाला दोनच वर्षांत दुसरा धक्का बसला, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं तो महत्त्वाचा. १७६३ मध्ये निजाम अलीनं पुणं लुटलं, जाळलं. लोक आणि सरकारी कागद सिंहगडाकडे हलवले होते. गडाच्या पायथ्याच्या गावाला आग लागली आणि तिच्यात राज्याचे फार मोलाचे कागद जळाले, असं ग्रँट डफनं आपल्या इतिहासात नोंदवलंय. बॅकअप नसलेली हार्ड डिस्क जाते तेव्हा काय होतं ते आयटीवाल्यांना सांगायला नको. राज्याच्या देण्याघेण्याचा, इनामांचा, करारांचा पुरावाच गेला. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

दप्तर कसं चालायचं

थोरल्या माधवरावांच्या काळात कारभाराची घडी परत बसवली गेली. ती बसवण्यात आणि पुढे चोख चालवण्यात नानांचा वाटा मोठा. आता मी जे सांगतो ते नीट बघा, कारण तुमच्या आजच्या टास्क ॲपच्या आत हेच चाललेलं असतं.

पहिली वही रोजकीर्द. आज जे जे घडलं ते त्याच दिवशी, त्याच क्रमानं लिहायचं. जमा काय झालं, खर्च काय पडला, कुणाला काय हुकूम गेला. इथे वर्गवारीचा विचार करायचा नाही, फक्त उतरवून घ्यायचं. डेव्हिड ॲलन या अमेरिकन लेखकानं २००१ मध्ये गेटिंग थिंग्ज डन नावाचं पुस्तक काढलं. कामाच्या शिस्तीवरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक म्हणायला हरकत नाही. त्याचीही पहिली पायरी हीच आहे, डोक्यात आलेलं प्रत्येक काम आधी एका ठिकाणी टाकून डोकं रिकामं करा. आमच्याकडे किराणा दुकानात कीर्द अजून लिहितात, त्यांना हे पुस्तक वाचायची गरज पडली नाही.

दुसरी वही खतावणी. रोजकिर्दीतल्या त्याच नोंदी उचलून त्या त्या खात्याखाली पुन्हा मांडायच्या. हत्तीखान्याचा खर्च हत्तीखान्याकडे, अमुक किल्ल्याचा त्या किल्ल्याकडे, तमुक सरदाराचा त्याच्याकडे. माहिती तीच, बघायची बाजू वेगळी. टूडूइस्टमध्ये एक आजची यादी असते आणि एक प्रोजेक्टनुसार यादी असते ना? तेच. फरक इतकाच की ॲपमध्ये हे एका बटणावर होतं, तिथे कारकून बसून नक्कल करायचा. पण त्या नकलेचा एक फायदा होता. दुसऱ्यांदा लिहिताना चूक सापडते.

मग बेहेडा. वर्षाच्या सुरुवातीला अंदाज बांधायचा, या महालातून एवढं यावं, एवढं खर्ची पडावं. वर्षअखेरीला ताळेबंद, म्हणजे प्रत्यक्षात काय झालं. दोन्ही समोरासमोर ठेवले की फरक दिसतो, आणि त्या फरकाचं उत्तर मामलतदारानं द्यायचं. आपल्यापैकी बहुतेकांच्या यादीत बेहेडाही नसतो आणि ताळेबंदही नसतो. नुसती रोजकीर्द असते, तीही अर्धवट. म्हणून तीस कामं लिहिलेली यादी बघून आपल्याला घाम फुटतो, पण या आठवड्यात आपल्याकडून दहाच होणार होती हे कळत नाही.

पुण्याच्या या हुजूर दप्तराचे दोन मोठे भाग होते. चालते दप्तर, म्हणजे चालू कामाचे कागद, ते थेट फडणविसांच्या नजरेखाली. आणि एकबेरीज दप्तर, जिथे सगळ्या खात्यांचे हिशेब वर्गवारीनं लावून वर्षाचा एक गोषवारा काढायचा, त्याला तर्जुमा म्हणत. हे दुसरं दप्तर कायम पुण्यातच असे. एकूण दोनशेच्या घरात कारकून या कामावर होते, असं सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या पुस्तकात दिलंय. चालू काम आणि संपलेलं काम एकत्र ठेवायचं नाही, हा नियम मला फार आवडतो. आपण झालेल्या कामांवर टिक मारून तिथेच ठेवतो, आणि महिनाभरानं यादी उघडायचीच भीती वाटायला लागते.

कागद ठेवायची तऱ्हाही सांगतो. कागद मोडीत लिहिलेले. एका विषयाचे कागद एकत्र करून कापडात बांधायचे, त्या बांधणीला रुमाल म्हणायचं. पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही कागद रुमालांत आहेत आणि रुमालाच्या क्रमांकानंच मागवावे लागतात. फोल्डर म्हणा ना. आणखी एक शब्द, बारनिशी. आलेला-गेलेला कागद नोंदवहीत चढवणं. तुम्ही तहसील कार्यालयात अर्ज द्यायला गेलात तर आजही आवक-जावक बारनिशीकडेच पाठवतात. शब्द दोन-अडीचशे वर्षं टिकलाय म्हणजे त्यात काहीतरी दम असणार.

जिल्ह्याच्या पातळीवर तर गंमतच होती. मामलतदाराच्या कचेरीत त्याच्याबरोबर दरकदार असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद, चिटणीस. फडणीसानं रोजची वही लिहायची, दप्तरदारानं तिच्यावरून खातेवही करून दरमहा गोषवारा हुजुरात पाठवायचा, मुजुमदारानं कागद आधी तपासायचा, पोतनीसानं रोख शिल्लक सांभाळायची, पोतदारानं नाणी पारखायची. आणि या लोकांना मामलतदार काढू शकत नव्हता. एकानं पैसे खायचे ठरवले तर बाकीच्यांच्या वह्या बोंबलणार. ऑफिसमध्ये शेअर केलेल्या शीटवर कुणाला बघायची परवानगी, कुणाला बदलायची, हे आपण ठरवतो त्याची ही जुनी आवृत्ती.

मी स्वतः हे करून बघितलंय, फार साधं. गूगल शीटमध्ये एकच तक्ता. रकाने सहा : क्रमांक, तारीख, काम, खातं, कुणाकडे, शेरा. व्हॉट्सॲपवर आलेलं काम असो, फोनवर सांगितलेलं असो, मेलमधलं असो, आधी क्रमांक पडतो. ही माझी बारनिशी. खात्याच्या रकान्यावर फिल्टर लावला की खतावणी तयार. सोमवारी सकाळी बेहेडा, शनिवारी संध्याकाळी ताळेबंद, आणि झालेल्या ओळी कापून दुसऱ्या शीटमध्ये. कुठल्याही ॲपमध्ये हे जमेल. वर्षाला हजारो रुपये भरायची गरज नाही.

शेरा : थांबलंय

३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. राघोबादादांविरुद्ध बारभाईंनी कारभार हातात घेतला, त्यात सखारामबापूंबरोबर नाना होते. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. चाळीस दिवसांच्या बाळासाठी साताऱ्याहून वस्त्रं आली, आणि राज्य चालवायची जबाबदारी हळूहळू एकट्या नानांवर येत गेली. वय ३२.

नाना लढवय्ये नव्हते. ते काही त्यांनी लपवलं नाही. तलवारीची कामं हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन, महादजी शिंदे यांच्याकडे, आणि ती कुठवर आली याची खबर नानांकडे. दिल्लीला हिंगणे, हैदराबादेत गोविंदराव काळे असे वकील जागोजाग बसवलेले, ते बारीकसारीक लिहून पाठवायचे. १७८० मध्ये इंग्रजांविरुद्ध पुणे, हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले अशी चौकडी जमवण्याची खटपट नानांनी पत्रांवर केली. निजाम आणि भोसले पुढे ढिले पडले, हैदर मात्र कर्नाटकात उतरला. चारांपैकी दोघांनी काम टाकलं तरी ठरवलेलं पुढे रेटायचं असतं, हे टीममध्ये काम करणाऱ्यांना कळेल.

सगळ्यात हुशारीची गोष्ट पुढची. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह ठरला. महादजींनी ठरवला. नानांनी मात्र त्यावर पक्कं शिक्कामोर्तब करायला महिनोन् महिने लावले, कारण हैदरशी केलेला शब्द होता आणि तो पत्ता हातातून लवकर सोडायचा नव्हता. डिसेंबरात हैदर वारला, तेव्हाच काम पुढे सरकलं. आपल्याला न झालेलं काम म्हणजे आळस वाटतो. पण काही कामं मुद्दाम थांबवलेली असतात. माझ्या शेऱ्याच्या रकान्यात थांबलंय असा शब्द आहे आणि त्याच्यापुढे कशासाठी थांबलंय ते लिहायची सक्ती आहे. कारण लिहिता येत नसेल, तर तो आळसच.

मेणवली

वाईपासून तीनेक किलोमीटरवर कृष्णाकाठी मेणवली आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींकडून १७६८ च्या सुमारास हे गाव नानांना मिळालं. तिथे त्यांनी सहा चौकांचा वाडा बांधला, नदीला चंद्रकोरीसारखा घाट, मेणेश्वराचं देऊळ. देवळापाशी वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा टांगली आहे. २००४ च्या स्वदेस सिनेमात तुम्ही हा घाट बघितलाय, शाहरुख खान तिथेच हिंडतो. आमच्याकडे पाहुणे आले की घाट दाखवायला नेतात, वाड्यातली जुनी भित्तिचित्रं बघतात, फोटो काढतात आणि परततात. या वाड्यात माणसांइतकेच कागद राहत होते हे फार कमी जणांना ठाऊक असतं. नानांच्या स्वतःच्या पत्रव्यवहाराचा मोठा साठा इथे होता. मेणवली दप्तर म्हणून इतिहासात तो प्रसिद्ध आहे.

जे यादीत नव्हतं

इथवर वाचून नानांचा देव्हारा करू नका. माझं मत विचाराल तर त्यांच्या पद्धतीची खरी परीक्षा पुण्यातच झाली आणि तीत ती नापास झाली.

१७७७ मध्ये औरंगाबादकडचा घाशीराम सावळदास पुण्याचा कोतवाल झाला. नानांच्या मर्जीतला माणूस. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या हुकमानं काही तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट खोलीत कोंडलं गेलं. सकाळी दार उघडलं तर त्यातले वीसहून अधिक जण गुदमरून मेले होते. शहर उसळलं. शेवटी नानांना घाशीरामाला लोकांच्या हवाली करावं लागलं आणि जमावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं. तेंडुलकरांचं १९७२ मधलं नाटक या घटनेवर उभं आहे. नाटक म्हणजे इतिहास नव्हे हे खरं, पण कोंडून मेलेली माणसं खरी होती.

हैदराबादच्या दरबारात कोण कुणाशी बोललं हे ज्या माणसाला आठवडाभरात कळायचं, त्याला आपल्या शहराच्या कोतवालाविषयी चौदा वर्षांत काय कळलं होतं? मला यावर एकच उत्तर सुचतं. माणूस एकदा नेमला की त्याचं खातं बंद, अशी आपली सवय असते. वकिलांना रोज लिहायला लावलं होतं, कोतवालाबद्दल लिहायला कुणाला बसवलं नव्हतं. मामलतदारावर नजर ठेवायला इतके दरकदार आणि कोतवालावर विश्वास. कोतवालाची तक्रार कोतवाली चावडीवरच द्यायची असेल तर ती वर जाईल कशी? तुमच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसत असेल, तर हे हिरवं कोण भरतंय ते एकदा बघा.

दुसरी गोष्ट याहून दुःखाची. ज्या बाळासाठी एवढा कारभार उभा केला, ते सवाई माधवराव नानांच्या कडक देखरेखीत वाढले. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला, नानांच्या कारकिर्दीतला कळस. त्याच ऑक्टोबरात एकवीस वर्षांचे पेशवे शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि दोन दिवसांनी गेले. अपघात की आत्मघात, यावर अजून वाद आहे. एकवीस वर्षांच्या मुलाच्या हाती राज्याचं खरं काम किती आलं होतं, हे मी जितकं वाचलं तितकं मला थोडंच वाटलं. नानांनी कारकुनांना कामं वाटली, सरदारांना वाटली. वारसाला वाटली नाहीत.

आणि नेमकी तेव्हाच बाकीची माणसंही संपत होती. रामशास्त्री १७८९ ला गेले होते. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीला गेले, इंग्रजी तारखेनं तो नानांचा वाढदिवस. हरिपंत त्याच वर्षी जूनमध्ये. अहिल्याबाई १७९५ ला. ज्यांच्या भरवशावर यादीतल्या ओळी सरकायच्या ती नावंच खोडली गेली.

महाड, तासगाव, मिरज

वारस कोण यावरून १७९६ मध्ये पुण्यात जो गोंधळ झाला तो सगळा सांगत बसलो तर लेख संपणार नाही. आपल्यापुरतं इतकं, की तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन, नानांचे वर्षानुवर्षांचे भरवशाचे सेनापती, शिंद्यांच्या कारभाऱ्याबरोबर गेले आणि चिमाजीअप्पांना पेशवे केलं. नानांना पुणं सोडावं लागलं. साताऱ्याकडे, वाईला, तिथूनही खाली उतरून महाडला. ना दप्तर हाताशी, ना दोनशे कारकून, ना फौज.

आणि तिथून, महाडात बसून, निव्वळ पत्रांवर आणि माणसांवर त्यांनी डाव उलटवला. निजाम, भोसले, होळकर, खुद्द दौलतराव शिंदे, ज्याला जे हवं ते देऊ करत एकेकाला बाजूला वळवलं. इतिहासात याला महाडचं कारस्थान म्हणतात. वर्षअखेरीला दुसरे बाजीराव पेशवे झाले, नाना परत कारभारी आणि परशुरामभाऊ कैदेत. प्रत्येकाला काय हवंय, कुणाचं कुणाकडे किती अडकलंय, हा हिशेब चाळीस वर्षं लिहून लिहून त्यांच्या अंगात मुरला होता. दप्तर पुण्यात राहिलं तरी खतावणी बरोबर आली होती.

हे कौतुक करताना माझा हात जरा अडखळतो. त्या डावात राज्याचं भलं किती झालं? ज्या बाजीरावांना गादीवर आणलं त्यांनीच वर्षभरात शिंद्यांशी संगनमत केलं. ३१ डिसेंबर १७९७ ला शिंद्यांच्या फौजेतल्या मायकेल फिलोजनं सुरक्षिततेचा शब्द देऊन नानांना बोलावलं आणि पकडलं. अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांना टाकलं. १७९८ च्या मध्याला सुटका झाली, कारभारही परत मिळाला, पण शरीर थकलं होतं. परशुरामभाऊंशीही पुन्हा जुळलं. ते १७९९ मध्ये कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडीला पडले. नाना १३ मार्च १८०० ला पुण्यात वारले. मुलगा मागे नव्हता. तीन वर्षांच्या आत, १८०२ च्या शेवटच्या दिवशी, वसईचा तह झाला. दप्तराकडे दुसऱ्या बाजीरावांच्या काळात लक्ष राहिलं नाही. वह्या होत्या, रकाने होते, पण त्या वाचून रोज प्रश्न विचारणारा माणूस नव्हता.

कागद कुठे गेले

नानांना जाऊन शंभर वर्षं होत आली तेव्हा या भागातल्या माणसांनी ते कागद बाहेर काढले. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९२ मध्ये नानांचं चरित्र लिहिलं. मग पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं वाचून त्यांनी १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड काढायला सुरुवात केली. शिक्षकाच्या पगारात, एकेक मोडी पत्र उतरवून. इकडे साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी मेणवली दप्तर मिळवलं.

आता यातली मजा बघा. मेणवलीत होता तो नानांचा इनबॉक्स, म्हणजे त्यांना आलेली पत्रं आणि त्यांनी जपलेल्या याद्या. मिरजेत पटवर्धनांचा इनबॉक्स, म्हणजे नानांनी पाठवलेली पत्रं, शिवाय पटवर्धनांचे पुण्यातले कारकून नानांबद्दल गुपचूप काय कळवत होते ते. एकाच घटनेची दोन टोकं, मधे दीडशेएक किलोमीटर. दोन्ही जुळवल्याशिवाय १७९६ चं खरंखोटं कळतच नाही. पाठवलेले मेल पुसणाऱ्यांनो, समोरच्याकडे ते असतात बरं.

पारसनीस १९२६ मध्ये गेले. त्यांचा साताऱ्यातला ऐतिहासिक संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला गेला. पेशवे दप्तरातले निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतर ४५ खंडांत छापले, पण तो निवडक भागच. बाकीचे हजारो रुमाल पुण्यात फडताळांवर आहेत. मोडी वाचणारी माणसं थोडी आहेत. मोडी शिकायचे वर्ग अधूनमधून निघतात, अक्षरं ओळखायला आठ-दहा दिवस पुरतात. रोजकीर्द वाचायला मात्र जास्त वेळ लागतो, कारण लिहिणारा हात उचलायचाच नाही.